फर्स्टक्लास लाइफ

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. घरातली माणसं हे ओळखून आहेत. या दिवसांत मला कुणी बाजारात पाठवत नाही, आणि पाठवलंच तर मी कोथिंबिरीऐवजी मेथी घेऊन येतो. गणपती गेलेले असतात, पूर उतरून गोदावरी गढूळ, सुस्त झालेली असते, आणि ऊन असं चिकट पडतं की अंगरखा पाठीला धरून बसतो. पंचवटीतल्या घराघरांतून उडदाच्या वड्यांचा आणि अळूच्या भाजीचा वास येतो. कावळ्यांचा भाव चढलेला असतो. एरवी हाकलून लावलेला पक्षी, पण या पंधरा दिवसांत त्याची माणसं हात जोडून वाट बघतात.

कावळ्यांचा भाव चढला, असं मी सहज म्हणून गेलो. बाजारातले शब्द आमच्या भाषेत पूर्वीही होते. भाव खाणं होतं, सौदा होता, सवंग होतं, महाग होतं. पण तेव्हा बाजाराचा शब्द घरात यायचा तो चपला दाराशी काढून, पाय धुऊन. कंपनीचा शब्द बुटांसकट आला आणि थेट देवघरात जाऊन बसला. हे मी रागानं म्हणतो आहे खरं, पण रागावायचा मला काही हक्क नाही. काल जेवताना नातू म्हणाला, त्या समोरच्या काकांकडे जाऊन बसण्यात काही रिटर्न नाही. माझा घास हातातच राहिला. त्याला चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण बोललो नाही, कारण हा रोग घरात पहिल्यांदा मी आणला. आणला तो एकोणीसशे तीसच्या दशकात, सिंहस्थ होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हा.

मी मॅट्रिक झालो होतो आणि रिकामा होतो. माझे वडील, अण्णा, रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. दिंडोरी, निफाड, चांदवड भागातल्या कितीतरी घराण्यांचं क्षेत्रोपाध्येपण आमच्याकडे. त्या धंद्यात मला गोडी नव्हती. दर्भाच्या अंगठ्या वळत आयुष्य काढायचं या कल्पनेनंच मला गुदमरल्यासारखं व्हायचं. अशात पुण्याची एक विमा कंपनी नाशकात एजंट शोधत होती. इन्स्पेक्टरसाहेब मेनरोडवरच्या एका लॉजात उतरले होते. गोरेपान, टापटीप, आवाज लोण्यासारखा. त्यांनी मला अर्ध्या तासात नेमलं, आणि पुढचे आठ दिवस बोलायला शिकवलं. हो, बोलायलाच. चोवीस वर्षांच्या घोड्याला.

माणूस मेल्यावर, असं म्हणायचं नाही, ते म्हणाले. क्लेम अराइज झाल्यावर म्हणायचं. माणूस तर म्हणायचाच नाही. माणसाला लाइफ म्हणायचं. धट्टाकट्टा, पगारदार, ज्याचे आईबाप म्हातारे होऊन गेले असा तो फर्स्टक्लास लाइफ. खोकणारा, किडकिडीत, तो सबस्टँडर्ड. ओळखीचे लोक म्हणजे फील्ड. मला हे ऐकून हसू आलं होतं हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण हसू तीनच दिवस टिकलं. चौथ्या दिवशी मी एका मुंजीच्या पंगतीत वाढत होतो आणि माझ्या लक्षात आलं, की मी जेवणाऱ्यांकडे बघत नव्हतो. मी लाइफं बघत होतो. हा घ्यावा, हा सोडावा, या काकांच्या मानेवर गळवाची खूण आहे, डॉक्टर अडवील. आमटी एकाच्या पानाऐवजी मांडीवर गेली तेव्हा कुठे भानावर आलो.

घरी तर मी ऊत आणला. माझी बायको सुमती तेव्हा नवी होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिच्या हातून भाजीत मीठ घालायचं राहिलं आणि मी, हप्ता चुकलेल्या पॉलिसीला म्हणतात तसं म्हणालो, लॅप्स झालं वाटतं. त्यावर ती पदर सावरत म्हणाली, मी सबंध लॅप्स झाले तर कंपनीला आधी कळवा हो, घरच्यांना मागाहून. आम्ही दोघंही हसलो. त्या शब्दांना एक चव होती, खोटं कशाला बोलू? ते उच्चारले की आपण पंचवटीच्या गल्लीत राहत नाही, कुठेतरी पंख्याखाली बसलो आहोत असं वाटे. अण्णा मात्र हसत नसत. ते यजमान म्हणत. त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. दारात चिंधी नेसलेला कुळवाडी आला तरी यजमान आले, आणि जहागीरदार आला तरी यजमानच.

आता नामावळीबद्दल सांगायला हवं. तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या वह्या असतात. गावागणिक, आडनावागणिक. कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, मुलं कोण, सुना कुठल्या. हे सगळ्यांकडेच असतं. आमच्या घरची आणखी एक रीत होती, ती माझ्या पणजोबांनी घातलेली. गेलेला माणूस कशानं गेला, शेवटी कसा होता, हे दोन ओळींत लिहायचं. माणूस रामकुंडावर अस्थी सोडून आला की त्याच्याजवळ बोलण्यासारखं खूप असतं आणि ऐकायला कुणी नसतं. अण्णा ऐकत आणि मोडीत लिहीत. यात गावात न सांगितलेल्या गोष्टीही असायच्या. विहिरीत उडी घेतलेली सून असायची, महारोगानं गेलेला भाऊ असायचा. वही त्या घरच्या माणसाशिवाय कुणाला दाखवायची नाही, हा पहिला नियम. आणि वाचायची तर ओळ मध्ये तोडायची नाही, हा दुसरा. एका सुरात, एका दमात, पहिल्या नावापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मधला शब्द गाळला तर त्या पितराला पाणी अर्धंच पोचतं, असं अण्णा मानत. लहानपणी मी अडखळलो की ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचे. त्यामुळे नामावळीची ओळ मला दिसली की माझं तोंड आपोआप सुरू व्हायचं. डोकं मागून यायचं.

दिंडोरीचे सावळाराम मास्तर आमचेच यजमान. मराठी शाळेत शिक्षक, शांत, हसरे, हाताला कायम खडू लागलेला. मी त्यांच्याकडे विमा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला उपाध्यायांचा मुलगा म्हणून पाटावर बसवलं. त्यांची बायको मथुराबाई दाराशी शेंगा सोलत होती, दहा वर्षांची शांता तिला बिलगून बसली होती. फॉर्म इंग्रजीत होता. मी विचारत होतो, मास्तर सांगत होते, मी लिहीत होतो. वडील कशानं गेले, या प्रश्नाशी आलो. मास्तर म्हणाले, क्षयानं. दोन वर्षं अंथरुणावर होते. कसलाही आडपडदा नाही. आणि मी पेन उचलून धरलं.

मी त्यांना म्हणालो, मास्तर, असं लिहिलं तर प्रपोजल अडकतं. ताप लिहितो. शेवटी ताप होताच ना? मास्तर म्हणाले, होता, पण आजार क्षयाचा होता. मी म्हणालो, ही नुसती टेक्निकल गोष्ट आहे. हा शब्द मी आठ दिवसांपूर्वी शिकलो होतो. मास्तरांना तो नीट कळला नाही, पण उपाध्यायांचा मुलगा सांगतोय म्हणजे बरोबरच असेल, म्हणून त्यांनी सही केली. तुम्ही म्हणाल, मी फसवलं. तेव्हा मला तसं मुळीच वाटलं नाही. मला वाटलं, मी एक फर्स्टक्लास लाइफ कंपनीत आणलं.

दीड वर्षानं मास्तर विषमज्वरानं गेले. तापाच्या एकविसाव्या दिवशी, ज्येष्ठ महिन्यात. त्यांच्या वडिलांच्या क्षयाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मथुराबाईला माहेरी कुणी उरलं नव्हतं. निफाडला दीर होता, त्यानं बोलावलं होतं, पण त्या घरात आधीच दोन जावा होत्या आणि तिसरीला कशासाठी बोलावतात हे तिला पुरतं ठाऊक होतं. मास्तरांची एकच इच्छा होती, शांतानं मराठी सातवीची फायनल पास होऊन शिक्षिका व्हावं. विम्याचे पैसे मिळाले तर मायलेकी दिंडोरीतच राहणार, शांताची शाळा चालू राहणार. नाही मिळाले तर निफाडला जाऊन भाकऱ्या थापायच्या. इतकी सरळ गोष्ट होती.

कंपनीनं एकच अडचण काढली. शाळेच्या दप्तरातलं मास्तरांचं वय आणि फॉर्मातलं वय यांत फरक होता. वयाचा पुरावा द्या. त्या काळी खेड्यातल्या माणसाच्या जन्माचा कागद कुठला असणार? मथुराबाई माझ्याकडे आली, मुलीला घेऊन, मोटारीच्या धुरळ्यानं माखलेली. मी तिला धीर दिला. मनापासून दिला. मला एकदम सुचलं की आमच्या वहीत मास्तरांचं वय असणार. वडिलांच्या अस्थी घेऊन ते आले होते तेव्हा अण्णांनी लिहिलं असणारच. इन्स्पेक्टरसाहेब क्लेमच्या चौकशीला नाशकात येणार होते. मी त्यांना अभिमानानं सांगितलं, की आमच्या घरी ऑथेंटिक रेकॉर्ड आहे.

रेकॉर्ड म्हणालो. तिथंच मी घसरलो, असं मला आज वाटतं. नामावळी म्हटलं असतं तर ती कुणाला दाखवायची नसते हेही पाठोपाठ आठवलं असतं. रेकॉर्ड दाखवण्यासाठीच असतं. पितृपक्षाला चार दिवस होते, अण्णा घाटावर गेले होते. मी ट्रंक उघडली, दिंडोरीची वही काढली, साहेबांसमोर पाटावर ठेवली. साहेबांना मोडी येत नव्हती. ते म्हणाले, वाचा, वसंतराव.

मी वाचायला लागलो. सावळाराम यांचे वडील अमुक, त्यांचे वडील तमुक, राहणार दिंडोरी, मुलगा सावळाराम वय वर्षे एकोणीस यांनी वडिलांच्या अस्थी आणिल्या, वडील क्षयाने दोन वर्षे अंथरुणास खिळून माघ वद्य सप्तमीस... तोंड पुढे चाललं होतं. डोकं मागून येत होतं. ते पोचलं तेव्हा ओळ संपली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नुसतं वय वाचून थांबायचं होतं मला. लहान पोरालाही जमलं असतं. आमच्या घरच्या पोराला जमलं नसतं.

साहेबांनी डोळेसुद्धा मोठे केले नाहीत. त्यांनी डायरीत काहीतरी टिपलं, पेनाचं टोपण लावलं, आणि त्या लोण्यासारख्या आवाजात मला विचारलं, “प्रपोजलच्या वेळी पार्टीनं हा फॅक्ट डिस्क्लोज केला होता का?”

मी म्हणालो, “नाही. डिस्क्लोज झाला नव्हता.”

त्या उत्तराचा मी आयुष्यभर विचार केला आहे. साहेबांनी मराठीत विचारलं असतं, की मास्तरांनी तुला सांगितलं होतं का रे, तर मी काय म्हटलं असतं? कदाचित तेव्हाही खोटंच बोललो असतो. एजन्सी जाईल याची भीती होतीच, उगाच साळसूदपणा कशाला. पण माझा चेहरा लाल झाला असता, जीभ अडखळली असती, त्यांना संशय आला असता. डिस्क्लोज झाला नव्हता, हे म्हणताना माझं काहीही झालं नाही. दाढीचे पैसे दिल्यासारखं मी ते सहज देऊन टाकलं. त्यात मास्तर नव्हते, मी नव्हतो, शेंगा सोलणारी बाई नव्हती. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि कंपनीच्या इंटरेस्टची काळजी घेणारा माणूस म्हणून माझं नाव कळवतो म्हणाले. संध्याकाळी अण्णांना मी जे घडलं ते सांगितलं, माझं ते खोटं उत्तर तेवढं सोडून. त्यांनी वही कपाळाला लावली आणि परत ट्रंकेत ठेवली.

कंपनीचं पत्र पितृपक्षाच्या तिसऱ्या दिवशी आलं. मॅटिरिअल फॅक्ट दडवल्यामुळे क्लेम नामंजूर. मी ते मथुराबाईला समजावून सांगायला दिंडोरीला गेलो, आणि सांगता येईना. ती विचारायची, म्हंजी काय? मी म्हणायचो, क्लेम रिप्युडिएट झाला. ती म्हणायची, म्हंजी काय? शेवटी तिनं विचारलं, “मास्तर खोटं बोलले, असं म्हणती का कंपनी?” मी म्हणालो, तसं नाही, बाई, सप्रेशन झालं असं म्हणते. ती माझ्याकडे बघत राहिली. मी गोंधळात पडलेल्या माणसासारखा दिसायचा प्रयत्न करत होतो. ती शेंगा सोलत होती त्या दिवशी, सगळं ऐकत होती, हे मला त्या क्षणी आठवलं. मी पाणीसुद्धा न पिता उठलो.

त्या पंधरवड्यात मी तीनदा कंपनीला पत्र लिहायला बसलो. पत्र इंग्रजीत लिहायचं. मास्तरांनी मला खरं सांगितलं होतं आणि मी खोटं लिहिलं, एवढंच लिहायचं होतं. पण कागदावर उतरायचं ते असं, की प्रपोजल भरताना एजंटाकडून अनवधानानं एक त्रुटी राहून गेली. फाडायचो, पुन्हा लिहायचो, पुन्हा तीच त्रुटी राहून जायची. घरभर वड्यांचा वास, बाहेर कावळ्यांचा कालवा, आणि मी दार लावून त्या एका वाक्यात कोंडलेला. सुमतीनं दोनदा दारातून विचारलं, बरं नाही का? मी तिला म्हणालो, बिझनेसचं टेन्शन आहे. तिची थट्टा त्या पंधरवड्यापासून आटली ती आटलीच.

पत्र मी टाकलं नाही. एजन्सीही सोडली नाही. पुढे मीच इन्स्पेक्टर झालो, पोरांना बोलायला शिकवू लागलो, आणि चांगलं शिकवलं असं अजून लोक म्हणतात. शांताची शाळा सुटली. ती निफाडला वाढली, तिथंच तिचं लग्न लागलं, एवढंच मला पुढे कळलं. आज सगळीकडे माझेच शब्द ऐकू येतात. मुलगी बघायला जातात ते प्रपोजल घेऊन जातात. म्हाताऱ्याला घरी ठेवायचं की नाही, याचा खर्च आणि फायदा मांडतात. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे मी बघतो, चेहरा जरासुद्धा लाल होत नाही. मला कळतं की आतून त्याला काही टोचत नाही, कारण मलाही टोचलं नव्हतं. मी त्याला काय सांगणार? मी याच घरात राहतो आणि मलाही हीच भाषा येते.

आता त्या भाद्रपदातलं राहिलेलं तेवढं सांगतो. वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं आमच्याकडे पितृपक्षात वहीत चढवत. दशमीच्या दिवशी सकाळी मथुराबाई आली, शांताला घेऊन. दुपारच्या मोटारीनं ती निफाडला जाणार होती, सामानाची वळकटी तिनं ओसरीवर ठेवली. अण्णांनी वही उघडली आणि दौत पुढे घेतली. त्यांचे डोळे अधू झाले होते म्हणून त्या वर्षी लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मी बोरू बुडवला. अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारलं, यजमान कशानं गेले, काय लिहायचं?

मथुराबाई म्हणाली, “आण्णा, मला लिहाया येतं. मास्तरांनी शिकवलंय. मी लिहू का?”

आमच्या वहीत तोवर एकाही बाईचं अक्षर नव्हतं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी तिथंच सगळं ओळखलं. त्यांनी माझ्या हातातून बोरू काढून घेतला आणि तिला दिला.

मोडीच्या ओळींखाली ती बाळबोधीत लिहू लागली, शाळेतल्या पाटीवरच्यासारखं, एकेक अक्षर सुटं, गोल. वेळ लागला. शांता वाकून बघत होती. लिहून झाल्यावर मथुराबाईनं वही माझ्याकडे फिरवली. ओळ अशी होती: सावळाराम मास्तर विषमज्वराने गेले. वडिलांचा क्षय त्यांनी विमा काढताना सांगितला होता. ताप वसंतरावांनी लिहिला. मी तिथे बसले होते.

अण्णांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. एका दमात, मध्ये कुठेही न तोडता, माझ्या नावासकट. ऐकून घेऊन मथुराबाईनं पदरानं बोटावरची शाई पुसली.

“कुठं चूक असंल तर आत्ताच सांगा,” ती म्हणाली. “पुन्हा माझं येणं व्हायचं नाय.”

अण्णा थांबले होते. शांता माझ्या तोंडाकडे बघत होती.

“चूक नाही,” मी म्हणालो.